पटक्यातले तीन दिवे

कॉम्प्युटरचा डबा वर्षभरानं उघडला की पंख्यावर बोटभर धूळ निघते. ती कुणी आणून टाकलेली नसते. खोली चालू असते, म्हणून बसत राहते. आमच्या सिम्युलेटरच्या खोलीतले किस्से तसेच साचले. जुने लोक भेटलो की कुणीतरी एक काढतं आणि मग थांबायचं नाव नाही. आज माझी पाळी आहे. मध्ये तोडू नका, मी लगेच चिडते.

आधी खोली सांगते. दुष्काळाची वर्षं होती. बायपासकडे इमारतींवर इमारती उठत होत्या आणि गल्लोगल्ली पाण्याचे टँकर फिरत होते. दोन्हीकडे जड गाडीचे ड्रायव्हर कमी पडत होते. पुंडलिकनगरात राजाभाऊंचं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही. शिकणारे ढीगभर आणि खरा ट्रक एकच, तोही अर्धा वेळ गॅरेजात! म्हणून राजाभाऊंनी कॉम्प्युटरवरचा ट्रक चालवायचा गेम आणला. त्याला स्टीअरिंग, पेडल, गिअरचा दांडा आणि एक मोठा टीव्ही जोडला. मी आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स केलेली, म्हणून खोली माझ्या ताब्यात. दुरुस्तीला शोएब, माझ्याच वयाचा, हातात कायम सोल्डरिंग गन.

टीव्हीत समोरचा रस्ता दिसायचा, बाजूचे आरसे दिसायचे नाहीत. त्यावर उपाय म्हणून राजाभाऊंनी परदेशी कंपनीचा सेट मागवला. टोपीला लावायची क्लिप, तिच्यावर तीन चकचकीत ठिपके आणि टीव्हीवर ठेवायचा कॅमेरा. तुम्ही मान किंचित वळवली की पडद्यावरचं दृश्य पुरतं वळायचं. बाजूला झुकलात की गेममधला ड्रायव्हर खिडकीतून बाहेर डोकवायचा. गोम एवढीच, की मान थोडीशी वळवायची आणि डोळे टीव्हीवरच ठेवायचे.

ही गोम समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

*

पहिल्याच दिवशी एक काका आले. वीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेले. मी म्हटलं, "काका, उजव्या आरशात बघा."

काकांनी खऱ्या गाडीत बघतात तशी मान खांद्यापर्यंत फिरवली. टीव्ही राहिला समोर, काका बघतायत भिंतीकडे. तिथं आमचं कॅलेंडर टांगलेलं.

"मागून काही येतंय का, काका?"

काकांनी नीट निरखून पाहिलं. "मागं गाडी नाय, ताई. पण उद्या चतुर्थी हाय!"

*

मग आकाशाचं प्रकरण सुरू झालं. कुणीही गाडी सुरू केली की रस्त्याऐवजी पडद्यावर निळं आकाश. सगळ्यांना सारखंच. मी कॅमेरा हलवला, वायरी बदलल्या, काही फरक नाही.

दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं. आपल्याकडे कुठलाही ड्रायव्हर सीटवर बसला की आधी स्टीअरिंगला हात लावतो आणि डोकं टेकवून नमस्कार करतो. कंपनीचं सॉफ्टवेअर नेमकं त्याच क्षणी ठरवायचं, की हीच या माणसाची सरळ नजर! माणूस नमस्कार करून ताठ बसला की सॉफ्टवेअरला वाटायचं, हा आता वर बघतोय.

ही वेळ बदलायची सोय आत कुठंच नव्हती. राजाभाऊंनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. उत्तर आलं, "युजरला सरळ बघायला सांगा आणि बंद करून परत सुरू करा."

आम्ही बंद करून परत सुरू केलं. गाडी परत सुरू झाली म्हणून माणसानं परत नमस्कार केला!

शेवटी राजाभाऊंनी दारावर पाटी लावली, 'नमस्कार कृपया बाहेर करावा'. लोक शिस्तीचे. बाहेर पाटीला नमस्कार करायचे आणि आत येऊन स्टीअरिंगला.

*

मान हलवणं ही आपली भाषा आहे, हे मला त्या खोलीत कळलं. मी काही समजावलं की समोरचा 'हो, हो' म्हणून मान डोलवायचा आणि गेममधलं जग भूकंप झाल्यासारखं डोलायचं. मी नियम काढला, हो म्हणायचं ते तोंडानं.

एकाला गाडी चालवताना शेठचा फोन आला. फोन कानाला, हात स्टीअरिंगवर, आणि शेठ काय म्हणेल त्याला मान डोलावणं चालू. ट्रक कठडा तोडून नदीत.

मी ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, शेठला हो म्हटलं की गाडी रस्ता सोडतीच. खऱ्या गाडीत बी हेच हुतं."

*

आता भानुदासभाऊ. पुढचे सगळे किस्से याच माणसाभोवती आहेत.

वैजापूर तालुक्यातल्या एका वस्तीवरचा हा माणूस. चाळिशीचा, डोक्याला लाल पटका, बोलणं मोजकं. घरची मेंढरं होती, चारा-पाणी संपलं तशी बरीचशी विकली. आता टँकरवर क्लीनर होता. साधं लायसन होतं, ट्रॅक्टर-जीप चालवायचा.

राजाभाऊंनी विचारलं, "काय काय शिकायचंय?"

"गाडी मला पुढं न्यायला येती, साहेब. मला फक्त मागं न्यायची शिकवा."

राजाभाऊ हसले. मीही हसले. मग त्यानं सांगितलं. डांबरी रस्त्यापासून त्याच्या वस्तीपर्यंत एक अरुंद पांदण जाते. दोन्ही बाजूंना दगडी बांध. आत टँकर वळवायला जागा नाही, म्हणजे जायचं तर सगळी वाट उलटं जायचं. कुठलाच ड्रायव्हर तयार होत नव्हता. फाट्यावरच पाणी सोडायचे. बायका तिथून हंडे भरून डोक्यावर नेत. त्यात याची आई, सत्तरीची, एका गुडघ्यानं अधू.

"माझ्याच गाडीचं पाणी, ताई. अन् माझीच आई फाट्यावर हंडा घिऊन उभी. मी पायप धरतो, तिचा हंडा भरतो, अन् गाडीत बसून फुडं जातो."

टँकरच्या ठेकेदारानं त्याला सांगितलं होतं, जड गाडीचं लायसन काढ, वस्तीपर्यंत उलटी नेऊन दाखव, ती फेरी तुझी. टँकरला ओरखडा आला तर पुन्हा क्लीनर.

मी हसले होते त्याची मला लाज वाटली. खूप वाटली.

*

पहिली अडचण पटक्याची. कंपनीची क्लिप फक्त टोपीच्या पुढच्या पट्टीला बसायची. राजाभाऊ म्हणाले, "पटका काढा, टोपी घाला." भानुदासभाऊ म्हणाला, "पटका घरी काढतो." मग त्यानं पटक्यावरच टोपी ठेवली. ब्रेक मारला की टोपी मांडीत पडायची.

शोएब बरेच दिवस अशाच संधीची वाट बघत होता. म्हणाला, "सर, इंटरनेट पे खुला सॉफ्टवेअर है. काइकू ये कंपनी के नखरे?"

राजाभाऊ म्हणाले, "डब्यावर नाव असलेली वस्तू आहे. बिघडली तर विचारायला कुणीतरी आहे. फुकटातल्या वस्तूचा धनी कोण?"

"फुकट का सवाल नक्को, सर. डोकं किधर है, किधर देख रहा, बस सहा आकडे हैं. खुलावाला बोलता, ये लेव सहा आकडे, जिसकू होना वो लेव. कंपनीवाला बोलता, पहले बता तू कौन है."

टीव्हीच्या तीन जुन्या रिमोटमधले दिवे शोएबनं काढले, वायरला जोडले, आणि मी ते पटक्याच्या घडीत टाचले. सेल कानामागे. या दिव्यांचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. कंपनीच्या कॅमेऱ्यानं ते बघायलाच नकार दिला, अनोळखी वस्तू म्हणून. मग शोएबनं साधा वेबकॅम खोलून तयार केला. बाकीची खोली त्याला दिसू नये म्हणून काचेसमोर जुन्या फोटोच्या रोलचा काळा तुकडा चिकटवला.

राजाभाऊ वाकून बघायला लागले. "हा रोल कुठून आणलास?"

"आपके ड्रॉवर में था, सर."

राजाभाऊंनी ड्रॉवरमधलं पाकीट उघडलं. "शोएब! हा माझ्या लग्नाचा रोल आहे!"

"मालूम है, सर. शुरू का काला टुकडा काटा. फोटो चालू होने के पहले का. उसमें आप अभी कुँवारे हैं!"

*

खुल्या सॉफ्टवेअरचंही कौतुकच करणार नाही मी. त्यात शेकडो बटणं आणि शोएबचा हात कधी गप्प बसायचा नाही. नमस्कारासाठी त्यानं तीन सेकंद थांबायची सोय करून दिली, ते उत्तम झालं. पण एकदा काहीतरी खुडबुड केली आणि डावं-उजवं उलटं झालं. आम्हाला पत्ता नाही. एक माणूस तासभर तशीच गाडी चालवून उठला.

मी नंतर विचारलं, "उलटं दिसत होतं, बोलला नाहीत?"

"मला वाटलं आज रिव्हर्सचा क्लास हाय."

आणि गिरणी! खाली दळण सुरू झालं की टीव्ही थरथरायचा, टीव्हीवरचा कॅमेरा थरथरायचा आणि गेममधला अख्खा रस्ता थरथरायचा. कंपनीच्या सेटवर त्याला इलाज नव्हता. शोएबच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची एक पट्टी होती. त्यानं ती सरकवली आणि रस्ता लोण्यासारखा झाला. आम्ही खूश.

दुसऱ्या दिवशी तीन जणांची तक्रार आली, "ताई, कालचा रस्ता बरा व्हता. ह्यो खोटा वाटतोय."

*

खरी पंचाईत पुढेच होती. आमच्या गेममधले रस्ते परदेशातले. रुंद, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना हिरवंगार. भानुदासभाऊनं दोन दिवस उलटी गाडी चालवली आणि म्हणाला, "ह्या रस्त्यावर म्हस बी उलटी चालंल. माझी पांदण दावा."

शोएबनं एक फुकट सिम्युलेटर शोधून काढला. त्यात रस्ता आपला आपण बनवता यायचा. तो कॉम्प्युटरसमोर बसला, भानुदासभाऊ शेजारी.

"फाट्यापासून सरळ बारा कासरे. मग डाव्या अंगाला वाकण. तिथून सात कासरे, मग विहीर. विहिरीला लागून आमचं घर."

"कासरा बोले तो कितने मीटर?"

"कासरा म्हंजी कासरा!"

दुसऱ्या दिवशी तो घरून बैलाचा कासराच घेऊन आला. खोलीत मावेना. एक टोक मी धरलं, दुसरं टोक घेऊन शोएब जिना उतरला. टेप लावून मोजणार, तेवढ्यात गिरणीवाल्यानं टोक हातात धरलं आणि खालून हाक मारली, "राजाभाऊ, वर काय बांधलंय?"

*

पांदण तयार झाली. बांध, वाकण, विहीर, सगळं. राजाभाऊंची इच्छा, की एवढा महागाचा सेट पडून का राहावा? म्हणून आधी तो लावला. खोटं कशाला बोलू, कंपनीचा कॅमेरा शोएबच्या जुगाडापेक्षा कितीतरी छान होता. पण पडद्यावर इंग्रजीत पाटी आली, की हा गेम आमच्या यादीत नाही.

"यादीत नाही म्हणजे?" राजाभाऊ वैतागले. "कॅमेरा माझा, क्लिप माझी, डोकं आपल्या माणसाचं. यादी कुठून आली?"

भानुदासभाऊ खुर्चीवरून म्हणाला, "आमच्या ठेकेदारासारखंच हाय की, साहेब. त्येनं पायपाच्या तोंडाचा आटा निराळा पाडून घेतलाय. त्येचा पायप दुसऱ्याच्या टँकरला बसत नाय, अन् दुसऱ्याचा त्येच्या. पाणी तेच. पर आटा त्येचा."

राजाभाऊंच्या सोसायटीत टँकर यायचा. पाइप जुळला नाही म्हणून भरलेला टँकर दारातून परत गेलेला त्यांनी पाहिला होता.

तरी त्यांनी कंपनीला ईमेल लिहायला लावलाच. हा गेम तुमच्या यादीत घ्या म्हणून. आठ दिवसांनी उत्तर आलं. फार सभ्य भाषा. तुमच्या सूचनेबद्दल आभार, हा गेम तुमच्याकडे किती लोक वापरतात ते कृपया कळवा.

राजाभाऊंनी स्वतः खुर्ची ओढली आणि दोन बोटांनी उत्तर टाइप केलं, 'एक. उन्हाळा संपायच्या आत पाहिजे.'

त्याचं उत्तर आलं नाही. कंपनीचा सेट डब्यात घालून कपाटावर गेला आणि पटक्यातले दिवे लागले.

*

पहिला पंधरवडा भानुदासभाऊ रोज विहिरीत पडायचा. वाकण जमायचं, बांध जमायचे, शेवटी अंदाज चुकायचा आणि टँकर मागच्या चाकांनी थेट आत. शोएबनं भिंतीवर खडूनं रेघा मारायला सुरुवात केली होती. मीच पुसायला लावल्या.

एकदा दुपारभरात सात वेळा पडला. म्हटलं, "भाऊ, आज राहू द्या."

त्यानं पटका सारखा केला. "विहिरीत पाणी असतं तर एव्हाना पवायला आलं असतं, ताई."

आणि आठव्यांदा बसला.

*

या खोलीनं आम्हाला एक वाईट खोड लावली. दिवसभर मान थोडी आणि नजर समोर. घरी आईनं हाक मारली की मी मान चार बोटं वळवायची आणि डोळे समोरच्या भिंतीवर. आईला वाटायचं, पोरगी रुसली आहे. एकदा मान अवघडली समजून तिनं मला सरळ शेकायच्या पिशवीसकट पलंगावर झोपवलं.

शोएबची गत याहून वाईट. स्कूटरवर मागचं बघायला त्यानं मान एवढीशी वळवली, दृश्य काही वळलं नाही, आणि तो केळ्यांच्या गाड्यावर गेला. गाडेवाला म्हणाला, "मियाँ, देखे नहीं क्या?"

शोएब म्हणाला, "देखा तो था. स्क्रीन घूमा नहीं."

*

भानुदासभाऊला लायसन मिळालं. वैशाखाचे दिवस होते. ठेकेदारानं सांगितलं, उद्या सकाळी ने, बघू. आम्ही तिघं राजाभाऊंच्या गाडीतून आधीच फाट्यावर जाऊन थांबलो. ठेकेदाराचा एक माणूस ओरखडे बघायला मोटारसायकलवर हजर.

बायका नेहमीप्रमाणे हंडे, घागरी, ड्रम लावून फाट्यावर उभ्या. टँकर आला. थांबला नाही! पुढे गेला, आणि उलटा पांदणीत शिरायला लागला. भानुदासभाऊनं घरी कुणाला काही सांगितलं नव्हतं. जमलं नाही तर तोंड कसं दाखवायचं, म्हणून.

बायकांनी एकच गिल्ला केला. "आरं, पाणी कुठं चाललं? हितं सोड!" हंडे घेऊन सगळ्या टँकरच्या पाठोपाठ धावायला लागल्या. आम्ही बांधावर चढून टँकरबरोबर चालत होतो.

बारा कासरे सरळ गेला. वाकणाशी आला, आणि मला खिडकीतून दिसलं. त्यानं मान एवढीशी वळवली होती, नजर समोर! टँकरचं मागचं अंग हळूहळू दगडी बांधाकडे सरकायला लागलं.

शोएब छाती फाटेस्तोवर ओरडला, "पूरा घुमाव, भाऊ! पूरा! असली है!"

ब्रेक लागला. टँकरातलं पाणी डुचमळलेलं आम्हाला ऐकू आलं. बांधात आणि टँकरात चार बोटं राहिली असतील. ठेकेदाराचा माणूस वाकून बघून आला, ओरखडा नव्हता. भानुदासभाऊनं गाडी हातभर पुढं घेतली, दार उघडून कमरेपर्यंत बाहेर वाकला, आणि पटका मागं वळवून बघत बघत वाकण काढलं.

सात कासरे. टँकर विहिरीपासून दोन पावलांवर थांबला.

तो खाली उतरला आणि पहिल्यांदा मागची चाकं बघून आला. मग पाइप कोरड्या विहिरीत सोडला. राजाभाऊ चष्मा पुसत होते. शोएब आणि मी रडत होतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

धावत आलेल्या बायका आता विहिरीत वाकून बघत होत्या. पाणी पडल्याचा आवाज विहिरीतून वर येत होता. पोहरे आत गेले. भानुदासभाऊची आई लंगडत सगळ्यांच्या मागून आली. लेकाकडे तिनं बघितलंही नाही. पाणी शेंदलं, हंडा काठोकाठ भरला. एकीनं हात दिला, तिनं हंडा चुंबळीवर ठेवला, गुडघ्यावर हात दाबला, पदर खोचला आणि चालायला लागली.

चौथ्या पावलाला समोर दाराची चौकट आली. ती थांबली. हंडा डोक्यावर तसाच, एक हात हंड्याला. तिनं दार बघितलं, मागं विहीर बघितली, आणि लेकाला विचारलं,

"आलं बी घर?"